रब्बी ज्वारी आणि लेकीचा हट्ट

मंगळवेढ्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला. कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीत ज्वारीचे वाण बघून आली, तेव्हापासून ‘मला पैदासकार (पिकांचे नवे वाण तयार करणारी शास्त्रज्ञ) व्हायचंय’ म्हणते. वडील विचारतात, “आमचा जन्म ज्वारीत गेला. पोरीनं एवढं शिकून पुन्हा रानातच उभं राहायचं का? यात नोकरी, पगार आहे का? त्यापेक्षा एमपीएससी बरी नाही का?”

नमस्कार.

पगाराचं आधी सांगते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. विद्यापीठातला सहायक प्राध्यापक किंवा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेतला शास्त्रज्ञ यांचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० रुपये, भत्ते वेगळे. पगाराला नाव ठेवायला जागा नाही. अडचण तिथवर पोचायची आहे. बीएस्सी अ‍ॅग्रीची चार वर्षं, जनुकशास्त्र व वनस्पती पैदासशास्त्रातल्या एमएस्सीची दोन, मग नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडी. तिशी जवळ येते. शिवाय राज्याच्या कृषी विद्यापीठांत पदं रिकामी असूनही भरती रखडते. प्रवेशाच्या वेळी हे कुणी सांगत नाही.

आता ‘रानात उभं राहणं’. ज्वारीचा संकर करायचा, म्हणजे दोन वाण एकमेकांत मिसळायचे, तर दुपारी कणसातली उद्या उमलणारी फुलं हेरायची, सुईनं एकेका फुलातले तिन्ही पुंकेसर अलगद काढायचे आणि कणसावर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे परागकण त्यावर झटकायचे, पुन्हा पिशवी, वर तारखेची चिठ्ठी. हे झालं पहिल्या वर्षाचं. पुढे सहा-सात पिढ्या निवड, त्यानंतर वेगवेगळ्या केंद्रांवर आणि शेतकऱ्यांच्या रानात चाचण्या, मग अ‍ॅग्रेस्कोच्या, म्हणजे कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीच्या, बैठकीत शिफारस. एक वाण बाहेर पडायला दहा-बारा वर्षं सहज जातात, आणि बहुतेक संकर मधेच बाद होतात. तेव्हा मार्कांपेक्षा मला तुमच्या लेकीचा स्वभाव महत्त्वाचा वाटतो. पटकन निकाल हवा असणारी मुलं इथे कोमेजतात.

वाण चांगला ठरवतं कोण, हेही तिला कळलं पाहिजे. मालदांडी ३५-१ तुमच्याच जिल्ह्यात, मोहोळच्या केंद्रावर गावरान ज्वारीतून निवडलेली. तिच्याहून जास्त उतारा (उत्पादन) देणारे वाण आले, तरी शेतकरी भाकरी आणि कडब्याची तुलना अजून तिच्याशीच करतो. पैदासकाराला खोडमाशी, खडखड्या रोग आणि पाण्याचा ताण तर सांभाळायचाच असतो, वर घरातल्या बाईनं भाकरी थापून ‘बरी आहे’ म्हणायला हवं. राहुरीच्या विद्यापीठानं हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा असे वेगवेगळे वाण दिले, हुरड्याला फुले मधुर आणि लाह्यांना फुले पंचमीसुद्धा. तुमच्यासारख्या घरातली मुलगी यातलं अर्धं न शिकवता जाणते. शहरातल्या मुलांना ते मुद्दाम शिकावं लागतं.

विद्यापीठात जागा नाही निघाली तर? जालना-छत्रपती संभाजीनगर भागातल्या बियाणे कंपन्या एमएस्सी झालेल्यांना घेतात. तिथे भर मुख्यतः कापूस, मका, भाजीपाला अशा संकरित बियाण्यावर, कारण ते शेतकऱ्याला दरवर्षी विकत घ्यावं लागतं. रब्बी ज्वारी, हरभरा, तूर यांचं बी बरेच शेतकरी घरचंच धरतात, त्यामुळे कंपनीला त्यात फारसा नफा नाही आणि त्या पिकांचा भार सरकारी संशोधनावर राहतो. तिला ज्वारीच करायची असेल तर वाट विद्यापीठाचीच. पीक कुठलंही चालणार असेल तर पर्याय वाढतात.

एमपीएससीबद्दल : बीएस्सी अ‍ॅग्रीनंतर तो दरवाजा उघडाच असतो. पण पहिल्या वर्षापासून अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांचा प्रयोगशाळेशी आणि प्रक्षेत्राशी संबंध उरत नाही, आणि पद निघालं नाही की हातात काहीच नसतं. दोन्ही दगडांवर पाय नको. तिसऱ्या वर्षापर्यंत तिला पीक बघू द्या, मग ठरवा.

तोवर घरचीच एक परीक्षा घ्या. या हंगामात ज्वारी पोटरीतून बाहेर पडली, म्हणजे कणीस दिसू लागलं, की तिला वीस ताटं निवडून दोरा बांधायला सांगा, आणि प्रत्येक ताट का निवडलं ते वहीत लिहायला लावा. काढणी नेमकी बारावीच्या परीक्षेत येईल, म्हणून कणसं तुम्ही वेगवेगळी काढून ठेवा. पुढच्या रब्बीत एका कणसाची एक ओळ पेरा. ती तेव्हा कॉलेजात असेल. सुट्टीत येऊन ओळी बघते का, वही उघडते का, कुठली ओळ टाकून द्यायची ते ठरवता येतं का, एवढं पाहा. वीसातल्या अठरा टाकून देतानाही कंटाळली नाही, तर खुशाल पाठवा.

आणि प्रवेशाचं : कृषीला पीसीबी (जीवशास्त्राचा) आणि पीसीएम (गणिताचा) दोन्ही गट चालतात. सीईटीचा फॉर्म तेवढा मुदतीत भरा.