काटा २८७ दाखवतो तेव्हा गाडी खरोखर किती वेगाने धावत असते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: स्टुटगार्टला राहणाऱ्या आपल्या मावसभावाने ऑटोबानच्या, म्हणजे जर्मनीतल्या द्रुतगती महामार्गाच्या, वेगमर्यादा नसलेल्या टप्प्यावर स्वतःची पोर्शे ७१८ केमन पूर्ण दाबून चालवली. डॅशबोर्डवरचा आकडा ताशी २८७ किलोमीटरपर्यंत गेला, शेजारी बसून आपण धरलेल्या फोनमधल्या जीपीएसने जास्तीत जास्त २७१ दाखवले आणि कंपनीच्या माहितीपत्रकात २७५ छापलेले आहे. यातले खरे कोणते, आणि पुण्यातल्या आपल्या गाडीचा स्पीडोमीटर कसा तपासायचा, असे आपण विचारले आहे.

आधी २८७ बद्दल. स्पीडोमीटर जास्त दाखवतो हा त्याचा बिघाड नसतो, तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम असे सांगतो, की दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. जास्त असला तर तो खऱ्या वेगाचे दहा टक्के आणि वर ताशी ४ किलोमीटर इतका चढा चालतो. म्हणजे गाडी खरोखर १०० ने जात असताना ११४ दाखवले तरी ते नियमात बसते, आणि त्याच सूत्राने २७५ ला ३०६ सुद्धा बसते. शिवाय केमनसारख्या वेगवान गाड्यांची तपासणी या नियमाप्रमाणे ४०, ८० आणि १२० या तीनच वेगांना होते. अडीचशेच्या पुढे काटा काय म्हणतो याची कोणी फारशी फिकीर केलेली नसते, आणि चालकाने दंड भरून कंपनीला जाब विचारू नये म्हणून कंपन्या आकडा दोन-चार टक्के चढाच ठेवतात.

आता २८७ हे प्रत्यक्षात शक्य होते का, हे भौतिकशास्त्राला विचारून पाहू. ताशी २७५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७६ मीटर. एवढ्या वेगाला इंजिनाची बहुतेक सगळी ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते, आणि हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. केमनचे इंजिन ३०० अश्वशक्तीचे आहे. तिचीच भावंड केमन एस ३५० अश्वशक्तीची आहे आणि तिचा कमाल वेग आहे २८५; पन्नास घोडे जास्त जुंपून पदरात पडले दहा किलोमीटर. तेव्हा साध्या केमनने सपाट रस्त्यावर, वारा नसताना खरेखुरे २८७ गाठले असे कोणी सांगितले, तर मी तरी ते मान्य करणार नाही. मात्र रस्ता अगदी डोळ्यांना न कळणाऱ्या एक टक्का उताराचा असेल, तर माझ्या हिशेबाने पाचेक किलोमीटर फुकट मिळतात, आणि ताशी १० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर आणखी सहा.

म्हणूनच कमाल वेगाची खरी चाचणी दोन्ही दिशांनी होते. त्याच पट्ट्यावर एकदा जायचे, फार वेळ न दवडता उलट यायचे, आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कोनिगसेग अगेरा आरएस या गाडीने अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातला १६० क्रमांकाचा मार्ग बंद करून घेऊन ताशी ४४७.१९ किलोमीटरची नोंद केली, ती अशी दुहेरी सरासरी होती. उलट ऑगस्ट २०१९ मध्ये बुगाटी शिरॉनने जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या चाचणीमार्गावर ४९०.४८४ गाठले, पण ते एकाच दिशेने. आकडा थक्क करणारा असला तरी त्याची गणना वेगळ्या रांगेत होते.

आपल्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा किस्सा मात्र एसएससी तुआताराचा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच नेवाडातल्या रस्त्यावर या गाडीने सरासरी ५०८.७३ ची नोंद केल्याचे जाहीर झाले आणि पडद्यावर जीपीएसचा आकडा दाखवणारा व्हिडिओही प्रसिद्ध झाला. काही चिकित्सक प्रेक्षकांनी त्या आकड्याकडे साफ दुर्लक्ष केले. रस्त्याकडेच्या ओळखू येणाऱ्या दोन खुणा निवडल्या, नकाशावर त्यांच्यातले अंतर मोजले, व्हिडिओत ते अंतर कापायला गाडीला किती सेकंद लागले ते पाहिले आणि भागाकार केला. उत्तर जाहीर आकड्याच्या आसपासही येईना. जानेवारी २०२१ मध्ये फ्लोरिडातल्या धावपट्टीवर पुन्हा चाचणी झाली तेव्हा दुहेरी सरासरी ४५५.३ आली, आणि त्याच वर्षी कंपनीने आधीचा वेग गाठलाच नव्हता हे मान्य केले. लाखो रुपयांच्या उपकरणाला शाळेतल्या अंतर भागिले वेळ या गणिताने खाली बसवले, याचे मला आजही कौतुक वाटते.

फोनचा २७१ हा आकडा त्या मानाने विश्वासार्ह आहे, पण एका अटीवर: वेग काही सेकंद स्थिर असायला हवा. बहुतेक फोन सेकंदाला एकदाच वेग ताजा करतात आणि तोही थोडा मागून सांगतात. शिखरावर गाडी दोन-तीन सेकंदच टिकली आणि लगेच पाय काढला, तर फोनने ते शिखर पाहिलेच नसण्याची शक्यता असते. चाचणी करणारे लोक सेकंदाला दहा-वीस किंवा त्याहून जास्त वेळा नोंद करणारी जीपीएस उपकरणे वापरतात ती याचसाठी. ओबीडी सॉकेटला (गाडीतले दोष तपासण्यासाठी दिलेल्या जोडणीला) जोडायचे स्वस्त यंत्र यात मदत करणार नाही, कारण त्या प्रमाणित संदेशात वेगासाठी एकच बाइट राखून ठेवलेली आहे आणि त्यात २५५ च्या पुढचा आकडा मावतच नाही.

आता आपल्या गाडीकडे येऊ. स्पीडोमीटर तपासायला कमाल वेगाची अजिबात गरज नसते. मी माझी गाडी समृद्धी महामार्गावर तपासली ती अशी: पहाटेची मोकळी वेळ, टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा, क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) काट्यावरच्या बरोबर १०० ला लावलेला, आणि शेजारी सौभाग्यवती हातात स्टॉपवॉच घेऊन. किलोमीटरची पाटी तिच्या खिडकीच्या कडेला आली की तिने ‘चालू’ म्हणायचे आणि दहाव्या किलोमीटरच्या पाटीला बंद करायचे. ३७४ सेकंद लागले. छत्तीस हजाराला (दहा किलोमीटर गुणिले तासाचे ३६०० सेकंद) त्याने भागले की ९६.३ येतात. मग ८० ला लावून तेच केले, तेव्हा ४६७ सेकंद, म्हणजे ७७.१. दोन्ही वेळा काटा साधारण चार टक्के चढा. (मधे एकदा चहाच्या थर्मासचे झाकण शोधण्याच्या नादात पाटी चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले, हे इथे नमूद करणे घरच्यांना आवडणार नाही.) हे गणित चालकाने स्वतः करू नये, त्याचे डोळे रस्त्यावरच असले पाहिजेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हे करणार असाल तर घाट आणि भाताण, माडपसारखे बोगदे टाळा, कारण फोनच्या जीपीएसशीही ताडून पाहणार असाल तर ते बोगद्यात हरवते.

टायर कोणते आहेत हेही पाहून ठेवा. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो आणि परिघ ठरलेला धरून चालतो. नवा टायर झिजून नक्षी आठ मिलिमीटरवरून दोनवर आली, की केमनच्या मागच्या, सुमारे ६९५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाला बारा मिलिमीटरचा फरक पडतो आणि काटा पावणेदोन टक्के आणखी चढतो. याच्या उलट प्रकार माझ्या मागच्या गाडीत झाला होता: एका दुकानदाराने १९५/६५ आर१५ मापाच्या टायरऐवजी २०५/६५ आर१५ ‘सगळे हेच बसवतात’ म्हणून बसवून दिले, चाक दोन टक्क्यांनी मोठे झाले, आणि काट्याचा चढेपणा तेवढाच उतरला. आणखी मोठे बसवले असते तर काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागला असता, आणि तो प्रकार खरा धोक्याचा.

आपल्या मूळ आकड्यांना हाच चार टक्क्यांचा हिशेब लावून पाहा: २८७ भागिले १.०४ म्हणजे २७६. मावसभावाची गाडी तितकीच चढी दाखवते असे मात्र मी गृहीत धरतो आहे. त्यांना १३० ला क्रूझ लावून एकदा मोजायला सांगा, जर्मनीत तोच सुचवलेला वेग आहे. माझा अंदाज असा, की खरा वेग २७१ आणि २७६ यांच्या मधे कुठेतरी होता आणि माहितीपत्रक प्रामाणिक आहे.

पुन्हा तशी धाव घेण्याचा बेत असेल तर टायरच्या भिंतीवरचे शेवटचे अक्षर आधी वाचून घ्या. डब्ल्यू असेल तर तो टायर २७० पर्यंतचाच आहे, वाय असेल तर ३०० पर्यंतचा. आणि २७५ वरून गाडी थांबवायला, एक सेकंद विचारात गेला असे धरले, तर साडेतीनशे मीटरहून जास्त रस्ता लागतो. पुढचा ट्रक डाव्या (तिथल्या ओव्हरटेकच्या) लेनमध्ये येतोय हे तेवढ्या लांबून दिसणार असेल तरच, आणि फक्त जर्मनीतच. आपल्याकडे समृद्धीवरही मोटारींना मर्यादा १२० चीच आहे आणि इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग आहे तो त्याचसाठी आहे. मावसभावाने त्याच टप्प्यावर परतीच्या दिशेने किती आकडा पाहिला होता, ते आठवत असेल तर कळवा. त्यावरून उताराचा आणि वाऱ्याचा वाटा किती होता ते बरेचसे कळेल.