ज्येष्ठांचे प्रश्न : आभाराचा तास आणि मनातली जाण

ज्येष्ठ निवासांतील सामूहिक उपक्रमांविषयी सोलापूर आणि परिसरातील वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे प्रसिद्ध केलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ७३ आहे. यजमान गेल्यावर मी स्वतःच्या इच्छेने शहराबाहेरच्या एका ज्येष्ठ निवासात राहायला आले. खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर मिळते, कोणाविषयी तक्रार नाही. अलीकडे तेथे दर रविवारी 'कृतज्ञता तास' सुरू झाला आहे. प्रत्येकाने माईकसमोर येऊन आपल्याला समाधान देणाऱ्या तीन गोष्टी सांगायच्या असतात. माझी पाळी आली की घसा दाटून येतो आणि 'सगळे छान आहे' एवढे म्हणून मी खाली बसते. मागच्या रविवारी एक भगिनी सर्वांसमोर म्हणाल्या, "तुम्हाला कशाचेच काही वाटत नाही का?" मी खरोखरच कृतघ्न झाले आहे का?

उत्तर : नाही. जिला काही वाटत नाही तिचा घसा दाटून येत नाही, आणि 'मी कृतघ्न तर नाही ना' असा प्रश्न घेऊन ती पत्रही लिहीत नाही. आधी एवढी गोष्ट आपण मनाशी पक्की करावी, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल.

आपण ज्या घरांत वाढलो तेथे आपल्या माणसाचे आभार तोंडाने मानण्याची रीत नव्हती. तव्यावरची भाकरी ताटात पडली म्हणून आईला कोणी 'आभारी आहे' म्हटले नाही, आणि कोणी म्हटले असते तर तिला ते परकेपणाचेच वाटले असते. आपल्याकडचा खरा शब्द 'जाण' हा आहे. केल्याची जाण ठेवायची आणि ती कृतीतून दाखवायची, अशी ती पद्धत होती. शेजारणीकडून भाजीचा डबा आला तर तो रिकामा परत जात नसे. घरात काही नसले तरी चिमूटभर साखर घालूनच तो दिला जाई. आपल्या जिल्ह्याच्या अक्कलकोटकडच्या भागात आणि पलीकडे धाराशिव-लातूरकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला शेतकरी कुटुंबे आंबील, भज्जी आणि उंडे घेऊन शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात, पिकाभोवती आंबील शिंपडतात आणि दिसेल त्याला जेवायला बोलावतात. काळ्या आईसमोर तेथे कोणी भाषण करीत नाही. तिने दिले, त्यातले थोडे तिला परत द्यायचे आणि उरलेले दहा जणांत वाटून खायचे, यातच सारे काही आले.

आपल्या निवासाने हा तास सुरू केला त्यामागचा हेतू चांगलाच आहे, हेही सांगायला हवे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांचे २००३ साली प्रसिद्ध झालेले संशोधन या विषयात नेहमी सांगितले जाते. त्यातील एका प्रयोगात सहभागी व्यक्तींनी १० आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल मनात कृतज्ञता आहे अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. स्वतःच्या कटकटी लिहून काढणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा त्यांना आपले आयुष्य अधिक बरे वाटत असल्याचे दिसून आले. मात्र ही माणसे कागदावर लिहीत होती. त्यांना सभागृहात उभे राहून, चाळीस जणांच्या नजरेसमोर, आपले सुख मोजून दाखवायचे नव्हते. ज्या बाईचा जन्माचा जोडीदार गेला आहे तिच्या मनात 'सुखाच्या गोष्टी' म्हटले की पहिले नाव त्याचेच येणार, आणि ते माईकवर उच्चारणे तिला जड जाणार. म्हणून व्यवस्थापकांना आपण शांतपणे सांगावे, "मी तासाला येईन, सर्वांचे ऐकेन, पण माझे मी वहीत लिहीन." बोलणे ऐच्छिक ठेवावे, ही विनंती आपण एकट्यांनी न करता आणखी दोघी-तिघींना बरोबर घेऊन केली तर ती अधिक सहज मान्य होईल.

पण आपल्या पत्रात आणखी एक गोष्ट मला दिसते, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. खोली, जेवण, डॉक्टर, सगळे आपल्याला मिळत आहे. आपल्याकडून मात्र कोणी काहीच मागत नाही. ज्या हातांनी पन्नास वर्षे घर चालवले त्यांना दिवसभरात कोणाला पाण्याचा पेलाही द्यावा लागत नाही. रोज भरलेला डबा येतो आणि रोज रिकामा परत जातो. ज्याला परत काही देता येत नाही त्याला घेण्याचेही ओझे होते, आणि त्या ओझ्याखाली आभाराचा शब्द उमटत नाही.

मी पाहिलेल्या एका निवासात ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. तेथे शेंगाची चटणी मिक्सरमध्ये होत असे. एक दिवस आजी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "याचा भुगा होतो, चटणी होत नाही." शेवटी कोणाच्या तरी घरून दगडी उखळ आले. आजींच्या खांद्यांत मुसळ उचलण्याचे बळ राहिलेले नव्हते, म्हणून स्वयंपाकघरातला तरुण मुलगा मुसळ चालवी आणि आजी पाटावर बसून, दोन घावांच्या मध्ये, कडेला उडालेले दाणे बोटांनी आत सारीत. भाजलेल्या शेंगांना तेल सुटेपर्यंत त्या त्याला थांबू देत नसत. चटणी मुठीत दाबली की तिचा गोळा व्हायला हवा आणि बोटांना तेल लागायला हवे, तेव्हाच त्या 'झाली' म्हणत. पुढे दर गुरुवारची चटणी आजींची ठरली. जेवताना लोक त्यांच्याकडे पाहून मान हलवीत, आणि त्या स्वतःहून त्या मुलाला "तुझ्या हातांमुळे झाली रे" म्हणत. त्यांना आभार मानायला कोणी शिकवले नव्हते. आपणही व्यवस्थापकांकडे आपल्या हाताला जमेल असे एक नेमाचे काम मागून घ्यावे, मग ते देवघरातली फुले असोत, वाचनालयाची नोंदवही असो, की दृष्टी मंदावलेल्या शेजाऱ्याला रोजचे वर्तमानपत्र वाचून दाखवणे असो.

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे. तिची सारी हयात सोलापूरच्या पूर्व भागात गेली. विड्या वळून तिने आम्हा भावंडांना शिकवले. घरात आम्ही तेलुगू बोलतो. मी नोकरीनिमित्त पुण्यात असल्याने गेल्या वर्षापासून ती सोलापुरातच एका ज्येष्ठ निवासात आहे. हास्यक्लब, भजन, हौजी, कशालाच ती जात नाही. 'त्या मिसळत नाहीत' असे व्यवस्थापक सांगतात. फोनवर ती फक्त 'बरे आहे' म्हणते. तिला पुण्याला आणावे का?

उत्तर : निर्णय घेण्यापूर्वी आईंचे कान तपासून घ्यावेत. ही सूचना आपल्याला अनपेक्षित वाटेल, परंतु चारचौघांतून उठून जाणाऱ्या, विनोदावर न हसणाऱ्या आणि फोनवर एकाच शब्दात बोलणे आटोपणाऱ्या ज्येष्ठांपैकी अनेकांना खरे तर नीट ऐकू येत नसते. पुन्हा पुन्हा 'काय?' विचारण्याचा संकोच वाटतो, म्हणून ते खोलीतच राहणे पसंत करतात. कधी कानात साचलेला मळ काढल्यानेच फरक पडतो, कधी श्रवणयंत्र लागते. यंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे सगळेच आवाज अंगावर येतात, त्यामुळे ते डबीत पडून राहण्याचा धोका असतो. त्या काळात रोज थोडा वेळ त्यांच्याजवळ बसून बोलणारे कोणीतरी हवे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण ज्यांवर उपाय करता येतो अशी १४ कारणे नोंदवली. त्यांत ऐकू कमी येणे आणि माणसांपासून तुटणे ही दोन्ही आहेत, त्यामुळे या तपासणीला उशीर करू नये.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू या भाषा सोलापूरच्या रस्त्यावर सर्रास कानी पडतात, तरी निवासातले कार्यक्रम बहुधा मराठीतच होतात. आईंना मराठी उत्तम येत असेल. पण थकलेल्या वयात मनातले बोलायला माणसाला त्याची घरची भाषा लागते. निवासात तेलुगू बोलणारे आणखी कोण आहे याची चौकशी करावी आणि दोघींची जेवणाची जागा एका मेजावर करून मागावी. नवरात्राच्या दिवसांत पूर्व भागातल्या स्त्रिया फुलांची उतरंड रचून बतुकम्मा मांडतात. ती मांडणी निवासाच्या अंगणात आईंच्या देखरेखीखाली झाली, तर त्या दिवशी मिसळायला बाकीच्यांनी त्यांच्याकडे यावे लागेल.

आता थोडे आपल्याविषयी. 'आईने आमच्यासाठी खूप केले' हे वाक्य आपण अनेकदा म्हटले असेल, मात्र ते इतके मोघम आहे की ऐकणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नाही. मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांचे आभार कधी नीट मानले गेले नाहीत अशा व्यक्तीला पत्र लिहायचे आणि ते स्वतः नेऊन द्यायचे, असा तो होता. लिहिणाऱ्यांना त्यातून मिळालेले समाधान महिनाभर टिकल्याचे आढळले. आपण असेच एक पत्र लिहावे. कोणत्या वर्षीची फी कोणत्या पैशांतून भरली गेली, सूप मांडीवर घेऊन आई रात्री किती वाजेपर्यंत पाने कापत बसायची, आपण झोपेचे सोंग घेऊन तिला कसे पाहत होतो, हे त्यात असू द्यावे. पुढच्या भेटीत तिच्याजवळ बसून, कानाशी, तेलुगूतच ते वाचावे. त्यानंतर पुण्याचा प्रश्न तिलाच विचारावा. कदाचित तिला आपले शहर सोडायचेच नसेल.

प्रश्न : मी एका छोट्या ज्येष्ठ निवासाचा व्यवस्थापक आहे. १ ऑक्टोबर जवळ आला की शाळा आणि मंडळे येतात, फळे आणि चादरी वाटतात, छायाचित्रे काढतात आणि जातात. आमच्या मंडळींना हे आवडत नाही, तरी देणाऱ्यांना दुखावणेही परवडत नाही.

उत्तर : संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर १९९० मध्ये १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला आणि १९९१पासून तो पाळला जातो. ज्येष्ठांनी त्या दिवशी रांगेत बसून हात पुढे करावा, असे त्यात कोठेही अभिप्रेत नाही. चादरींच्या या गावात, ज्यांनी उभी हयात मागावर काढली त्यांच्याच खांद्यावर चादर टाकून छायाचित्र घ्यावे, हे पाहताना मला फार वाईट वाटते. त्यांना चादर देऊ नये असे नाही. पण ती देताना त्या विणीविषयी त्यांना एक शब्दही विचारला जात नाही.

देणाऱ्यांना नाही म्हणू नये, दुसरे काहीतरी मागावे. शाळेला कळवावे की मुलांनी फळे आणण्याऐवजी प्रश्न आणावेत. मागावर ताणा कसा भरतात? गिरणीचा भोंगा झाला की घरात काय धावपळ व्हायची? सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलताना तोल कसा सांभाळतात आणि अंगात बाराबंदी, म्हणजे तो बंदांचा पांढरा अंगरखा, का घालतात? १९३०मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉविषयी आणि १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांविषयी तुमच्या वडिलांनी घरी काय सांगितले होते? दोन मुले आणि एक आजोबा असे बसवावे, माईक लावू नये, आणि छायाचित्र संबंधितांना विचारूनच काढावे. शक्य असेल तर त्याच मुलांनी महिन्यातून एकदा यावे, म्हणजे तिसऱ्या खेपेला नावे पाठ होतात आणि चौथ्या खेपेला आजोबा फाटकाशी वाट पाहत उभे राहतात. मंडळांना मात्र गरजेची यादी स्पष्ट शब्दांत द्यावी. आधाराच्या खुर्च्या, प्रौढांचे डायपर, श्रवणयंत्रांच्या बॅटऱ्या यांची नड वर्षभर असते, आणि त्या कोणी दिल्या तर तेथील मंडळी मनापासून दुवा देतील.

सहलींचे आपण लिहिलेले नाही, तरी सुचवतो. ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२पासून विनामूल्य आहे आणि ६५ ते ७५ या वयोगटाला अर्धे तिकीट आहे. अक्कलकोट किंवा तुळजापूर एका दिवसात होते. थंडीत हुरड्यासाठी एखाद्या शेतात जाता आले तर फारच उत्तम, फक्त दात नसलेल्यांसाठी हुरड्याचे थालीपीठ आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न : आमच्या मजल्यावरच्या मावशी आमचे फार करतात. त्यांना हातात पैसे देण्यास निवासात मनाई आहे. मग जाण कशी ठेवावी?

उत्तर : ती मनाई योग्य आहे, कारण ज्याच्याकडे द्यायला पैसे नाहीत त्याची घंटी उशिरा ऐकली जाऊ नये. दिवाळीला सर्वांनी मिळून, आपापल्या ऐपतीप्रमाणे आणि नावे न लिहिता, एक डबी भरावी आणि ती कार्यालयामार्फत सगळ्या कर्मचाऱ्यांत सारखी वाटली जावी. एरवी मावशींचे नाव विचारून घ्यावे आणि त्यांना नावाने हाक मारावी. त्यांच्या मुलीची दहावी असेल आणि आपण गणित शिकवू शकत असाल, तर तसे सांगावे. त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी फोन करू नये. आणि दुपारी त्या जिन्याखाली डबा उघडून बसलेल्या दिसल्या, तर पाण्याची बाटली स्वतः उठून भरून घ्यावी.