कॉइलओव्हर हप्त्यावर घ्यावेत का?

पुण्याच्या एका वाचकाकडे 2019 ची पोलो जीटी टीएसआय आहे. गाडी 62,000 किलोमीटर चालली आहे, शॉकअप अजून कंपनीचेच आहेत. रोज ऑफिसला जाण्यासाठी तीच गाडी, आणि वर्षातून दोनदा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे, म्हणजे स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याचा दिवस. कॉइलओव्हर किट, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच, 1,50,000 रुपयांना मिळतंय, बसवण्याची मजुरी आणि अलाइनमेंट मिळून 12,000. किट क्रेडिट कार्डावर 16 टक्के व्याजाने 24 हप्त्यांत घ्यायचा विचार आहे. हातात येणारा पगार 95,000. त्यातून गृहकर्ज 31,000, एसआयपी 15,000, घरखर्च 38,000. बचत खात्यात 2 लाख.

हप्त्यावर घेऊ नका, हे आधीच सांगतो. हप्ता बसतो सुमारे 7,345 रुपये. दोन वर्षांत व्याज जातं साधारण 26,300, आणि कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी 4,700. प्रोसेसिंग फी धरली नाही तरी 31,000 रुपये वर गेले. आज तुमच्याकडे महिन्याला 11,000 उरतात. त्यातले 3,655 शिल्लक राहतील. पेट्रोल लिटरला 105 रुपये आणि मायलेज 14 धरलं, तर कोइम्बतूरच्या एका फेरीचं, म्हणजे जाऊन-येऊन साधारण 2,400 किलोमीटरचं, पेट्रोलच 18,000 रुपयांचं होतं. किट घेतल्यावर ट्रॅकवर जायलाच पैसे उरणार नाहीत.

दुसरी अडचण यापेक्षा मोठी आहे. मोटर पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी या वापराला संरक्षण नसतं, त्यामुळे ट्रॅकवर गाडी ठोकली तर तो खर्च तुमच्याच खिशातून जाणार असं धरून चला. घरखर्च आणि गृहकर्ज मिळून महिन्याला 69,000 लागतात. तुमचे 2 लाख म्हणजे पुरते तीन महिनेही नाहीत. ही शिल्लक आधी चार लाखांवर न्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52सुद्धा वाचून घ्या: नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काहीही बसवण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

मग आत्ता काय करायचं? 62,000 किलोमीटरला शॉकअप थकलेले असण्याची शक्यता मोठी. स्टॉक (कंपनीचे मूळ प्रकारचे) शॉकअप, स्ट्रट माउंट (शॉकअप वर बॉडीला जोडणारा भाग), बेअरिंग आणि बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारं रबर) यांचा भाव काढा. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के आहे, त्यामुळे जुनं कोटेशन असेल तर नवं मागा. हा खर्च काही केल्या टळत नाही, म्हणून कॉइलओव्हरची खरी किंमत म्हणजे 1,62,000 मधून ही रक्कम वजा करून उरते ती. सोबत चांगले ब्रेक पॅड, ताजं डॉट 4 ब्रेक ऑइल आणि चांगले टायर. वर्षाला दोन ट्रॅक डे करणाऱ्याला लॅपमधला फरक आधी इथेच जाणवतो. ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते पाणी धरून ठेवतं, तापल्यावर उकळतं आणि पेडल खाली जातं. तिथे कॉइलओव्हर काही करू शकत नाही.

वर्षभरात चार ट्रॅक डे झाले आणि रक्कम रोख साठली, तर जरूर घ्या. तेव्हा हे पाहा. पोलोला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा आहे, तिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. मागची उंची स्प्रिंगखालच्या ॲडजस्टरने बदलते. पुढचा स्प्रिंग रेट, म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला लागणारा भार, 5 ते 6 किलो प्रति मिलिमीटरच्या आसपास ठेवा. 8 चा स्प्रिंग खड्ड्यात चाक उडवतो, आणि रोजच्या रस्त्यावर तुम्हालाच नकोसा होतो. गाडी मूळ उंचीपेक्षा 20-25 मिलिमीटरहून जास्त खाली नेऊ नका. त्यापुढे लोअर आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) कोन बिघडतो, रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली येतं आणि गाडी वळणात उलट जास्त झुकते. उंची स्प्रिंग सीटने नव्हे, तर खालच्या ब्रॅकेटने बदलणारं किट घ्या. तसं नसेल तर गाडी खाली करताना शॉकअपचा दबण्याचा प्रवास कमी होतो आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला बंप स्टॉप लागतो. सील गळल्यावर एका शॉकअपचं रिबिल्ड भारतात होतं का, किती दिवसांत आणि किती रुपयांत, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. परदेशी पाठवावं लागणार असेल तर गाडी तितके आठवडे उभी राहील.

बसवताना लोअर आर्मचे बुश गाडी जमिनीवर टेकवूनच आवळायला सांगा. चाकं लटकत असताना आवळले तर रबर पीळ खाऊन लवकर फाटतं. त्यानंतर उंची, मग टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) आणि कॅम्बर (चाकांचा उभा कल), याच क्रमाने लावून घ्या. 500 किलोमीटरवर पुन्हा अलाइनमेंट आणि सगळे बोल्ट तपासा. पावसाळ्याआधी थ्रेड (उंची बदलण्याचे आटे) धुऊन ग्रीस लावा, नाहीतर त्यावर फिरणारी कॉलर गंजून जाम होते आणि उंची बदलायची सोयच उरत नाही, जिच्यासाठी इतके पैसे दिले. मूळ स्प्रिंग आणि स्टॉक शॉकअप मात्र जपून ठेवा. गाडी विकताना तेच परत लावायचे आहेत.