वाचकांचे प्रश्न : खरखरीमागचे वादन

प्रश्न : अंडरग्राउंड ब्लॅक मेटल या हेवी मेटलच्या उपप्रकाराची काही रेकॉर्डिंग्ज मी ऐकली. गिटार खरखरीत बुडालेली, ड्रम्स भिंतीपलीकडे वाजत असावेत असे, आणि गाण्याचे शब्द तर लागतच नाहीत. यालाच जाणकार ‘वातावरण’ म्हणतात. ही निवड आहे, की वाजवता येत नसल्याची सबब?

उत्तर : सबब सांगणारे बँड पुष्कळ आहेत, हे आधीच कबूल करायला हवे. परंतु ज्यांच्यापासून ही शैली रूढ झाली, त्या नॉर्वेतील वादकांना हा आरोप लागू पडत नाही. डार्कथ्रोन या बँडचेच पाहा. १९९१ मधला त्यांचा पहिला अल्बम स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत मुद्रित झालेला, गुंतागुंतीच्या वादनाचा, डेथ मेटल या मेटलच्याच दुसऱ्या उपप्रकारातला अल्बम होता. त्याच बँडच्या १९९४ च्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ या अल्बममध्ये सगळी वाद्ये बँडमधल्या एकट्या फेनरिझने चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर वाजवून मुद्रित केली आणि त्याचा साथीदार नोक्टर्नो कुल्टोने केवळ गायन केले. जे येत होते, ते त्यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवले होते.

बाजूला ठेवून काय साधले, ते गिटारच्या उजव्या हातात ऐकू येते. ट्रेमोलो पिकिंगमध्ये एकच स्वर इतक्या वेगाने छेडला जातो की सुटे आघात कानाला कळेनासे होतात आणि त्यांचा एक सलग पडदा तयार होतो. या पडद्यावर सुरावट मात्र अतिशय सावकाश सरकते. हात धावत असताना स्वरसंगती जवळपास स्थिर राहते, आणि माझ्या मते वातावरणाचे मूळ या दुहेरी गतीत आहे. खालचे स्वर कमी ठेवल्यामुळे गिटारला धार येते, टेपवर आघातांच्या कडा बोथट होतात, आणि पडदा अधिकच सलग भासतो. अशा वेळी ड्रमरने चमकदार करामती केल्या, तर लक्ष तिकडे जाऊन सगळा परिणाम मोडेल; म्हणून तो मिनिटेच्या मिनिटे एकच ठेका धरून बसतो, आणि असे बसणे दिसते तितके सोपे नाही.

बर्झम या एकाच वादकाच्या बँडच्या ‘फिलोसोफेम’ अल्बमसाठी तर मुद्दाम हलक्यात हलका मायक्रोफोन मागितला गेला आणि अखेरीस हेडसेटवर गायन झाले. (हा वादक पुढे खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला, आणि त्याच्या विचारांविषयी मला काडीचाही आदर नाही, पण ध्वनीच्या या प्रश्नात त्याला वगळता येत नाही.)

मात्र खरखर म्हणजेच वातावरण, असे समजू नये. बर्गेनच्या ग्रीगहालेन या संगीतगृहात निर्माता पिटनच्या देखरेखीखाली मुद्रित झालेले मेहेम आणि एम्परर या बँडचे १९९४ मधील अल्बम ऐका. तिथे ड्रम्सना प्रशस्त जागेची गुंज आहे, एम्पररमध्ये कीबोर्डचे थरावर थर आहेत, आणि तरीही अंगावर येणारी थंडी तीच आहे.

कौशल्य पारखायचे असेल तर गिटारची ओळ सावकाश गुणगुणून पाहा. चांगल्या रचनेत खरखर काढून टाकल्यावरही मागे सुरावट उरते. नकलाकारांच्या हाती काही उरत नाही. मग हाताची समानता तपासा : चौथ्या-पाचव्या मिनिटालाही छेडण्याचा वेग ढळत नाही ना, आणि कॉर्ड बदलताना गिटार व ड्रम्स नेमके एकाच मात्रेवर वळतात ना. या दोन्ही गोष्टी कितीही वाईट मायक्रोफोनमागे लपत नाहीत.

प्रश्न : असे संगीत ऐकताना इक्वलायझरवर बास वाढवावा का?

उत्तर : नाही. जे मुद्रणात ठेवलेलेच नाही ते वाढवल्याने केवळ गढूळपणा येतो. सगळे समपातळीवर ठेवा आणि आवाज मध्यम असू द्या. सतत वाजणारे वरचे स्वर मोठ्या आवाजात कानाला लवकर थकवतात.