बुल बेटावरचे ब्रेंट हंस फुटबॉलच्या मैदानात का उतरतात?

डब्लिनच्या नॉर्थ बुल बेटावर हिवाळ्यासाठी येणारे ब्रेंट हंस समुद्रकाठ सोडून खेळाच्या मैदानांत का चरतात आणि त्यांना पाव घातला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. पाव नको. बाकीच्याचं उत्तर भरती-ओहोटीत आहे.

हे हंस वीण करतात कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या बेटांवर. तिथून ग्रीनलंडचा बर्फ ओलांडून आइसलँडला थांबतात, चरबी साठवतात आणि मग आयर्लंड गाठतात. शरदात त्यांतले बहुतेक आधी उत्तरेला स्ट्रँगफर्ड लॉक या समुद्राच्या खाडीवर उतरतात, कारण तिथे चिखलपट्टीवर ईलग्रास हे समुद्री गवत भरपूर असतं. ते संपत आलं की थवे दक्षिणेकडे पांगतात. बुल बेटाच्या चिखलपट्टीवरचा चाराही हिवाळाभर पुरत नाही. मग हिरवं शेवाळ, आणि तेही विरळ झालं की सेंट अ‍ॅन्स पार्कसारख्या ठिकाणची हिरवळ.

हंसांना गवत नीट पचत नाही. खाल्लेलं भराभर बाहेर पडतं, म्हणून दिवसभर चरत राहावं लागतं. त्यात तिथला हिवाळी दिवस आखूड, आणि भरतीत चिखलपट्टी पाण्याखाली. तेव्हा थवे बघायचे तर घड्याळाआधी भरतीचं वेळापत्रक बघा: ओहोटीला बेटाच्या आतल्या बाजूची चिखलपट्टी, भरतीला मैदानं. आणि कुत्रा साखळीला ठेवा. थवा एकदा उठला की चरण्याचा वेळ जातो, वर उडण्यात ताकद खर्ची पडते. एप्रिलमध्ये आइसलँडकडे परतायचं तर अंगावर चरबी हवीच.

गंमत म्हणजे हे बेटच जेमतेम दोनशे वर्षांचं. बंदराच्या तोंडाशी गाळ साचू नये म्हणून १८२०च्या दशकात बुल वॉल ही भिंत पूर्ण झाली आणि तिच्या आडोशाला वाळू साचत गेली. १९३१ मध्ये ते पक्षी अभयारण्यही झालं. शहरातल्या कित्येक इमारती त्याहून जुन्या आहेत.

दुर्बीण असेल तर मिटलेल्या पंखांवर पांढऱ्या आडव्या रेघा शोधा. ती यंदाची पिल्लं, पहिला हिवाळा आईबापांसोबतच काढतात. एखाद्या वर्षी अख्ख्या थव्यात ती फारशी दिसत नाहीत. तेव्हा डब्लिनला बोल लावू नका, बहुधा आर्क्टिकचा उन्हाळाच वाईट गेलेला असतो.