पेनड्राइव्हमधला पाठ वर्गात का बिघडतो?

प्रश्न : घरी पॉवरपॉइंटवर केलेला पाठ वर्गातल्या संगणकावर उघडला, की व्हिडिओ चालत नाही आणि मराठी अक्षरांचा घोळ होतो. काय करावे?

उत्तर : व्हिडिओ बहुधा ‘लिंक’ केलेला आहे, म्हणजे मूळ फाइल घरच्या संगणकावरच राहिली. टाकताना ‘लिंक टू फाइल’ नको, साधे ‘इन्सर्ट’ दाबा. फाइल एमपी४ असावी, त्यातले चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी या पद्धतीने साठवलेला. बाकीचे प्रकार ऐनवेळी दगा देऊ शकतात.

अक्षरांचे दुखणे वेगळे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. युनिकोड नसलेला जुना फॉन्ट वर्गातल्या संगणकावर नसेल, तर ‘शाळा’च्या जागी रोमन अक्षरे नि चिन्हे उमटतात. नुसता फॉन्ट बदलून भागत नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा, तिथेच चुका राहतात.