फाइन आर्टला जे. जे. घ्यावं की चकाचक कॅम्पसचं खासगी कॉलेज?

प्रश्न वाचून हसू आलं आणि थोडा रागही. मुलीचा नंबर जे. जे.ला (मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला) लागतोय, पण दुसरीकडे एसी स्टुडिओ, मोठी कॉम्प्युटर लॅब आणि कॅफेटेरिया आहे, तर 'सुविधा बघता' कुठे घालावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या आतेभावाने हाच हिशेब करून खासगी कॉलेज निवडलं (नाव घेत नाही). मी जे. जे.त पेंटिंगला गेलो. आमचं भांडण अजून मिटलेलं नाही, तेव्हा मी निःपक्ष आहे असं समजू नका.

जे. जे.ची पहिली सुविधा म्हणजे तिचा पत्ता. बाहेर पडलं की एकीकडे क्रॉफर्ड मार्केट, दुसरीकडे सीएसएमटी. मार्केटच्या दारावरचं दगडी शिल्पकाम लॉकवुड किपलिंग या ब्रिटिश शिल्पकाराचं. तो १८६५ साली इथे शिकवायला आला. सीएसएमटीच्या कोरीवकामाला इथल्या विद्यार्थ्यांचे हात लागलेत. म्हणजे लोकल पकडताना रोज डोक्यावर सीनियरांचं सबमिशन! जहांगीर आर्ट गॅलरी चालत गाठता येते. हे कुठल्या ब्रोशरमध्ये छापणार?

पण खरी गोष्ट समुद्राची. आतेभाऊ एकदा सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर भाऊच्या धक्क्यावर लँडस्केपला आला. हात त्याचा चांगलाच, माझ्यापेक्षा फास्ट. एका मच्छीमार बोटीचा पुढचा भाग, म्हणजे नाळ, झकास काढला, मग चहा, गप्पा, आणि मग मागचा भाग. बराच वेळ बाजूला विडी ओढत बसलेला एक म्हातारा तांडेल (बोट चालवणारा) येऊन चित्राकडे बघत म्हणाला, "बोट बरी हाय. पण नाळ ओहोटीची नि मागची बाजू भरतीची." आम्ही सगळे फुटलो. म्हातारा शंभर टक्के बरोबर होता. ओहोटीला धक्क्यावरून बोटीत खाली डोकावावं लागतं, अख्खा डेक दिसतो. पाणी चढलं की तीच बोट डोळ्यांसमोर उभी राहते आणि डेक पट्टीएवढा उरतो. त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असेल तर बसल्या बैठकीत पर्स्पेक्टिव्ह बदलतं. धक्क्यावर पडीक असणारी पोरं म्हणून आधी बोटीची उंची पकडतात, बारकावे मागाहून. आतेभाऊ म्हणाला, फोटो काढून एसीत बसून केलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. तेच तर माझं म्हणणं आहे! प्रश्न आलाच नसता.

पावसाळ्याचंही तसंच. जुलैच्या दमट हवेत वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ थर, सुकता सुकत नाही, एका रंगात दुसरा कधी सोडायचा याचा अंदाज त्या ओल्या कागदावरच येतो. एसीत कागद भराभर वाळतो आणि आपल्याला वाटतं आपण तयार झालो.

तर कॅम्पस बघायला जाल तेव्हा लॉबी बघू नका. वर्कशॉपमध्ये माती-प्लास्टरचा पसारा आहे का, भट्टी खरंच पेटते का, स्टुडिओच्या खिडक्या उत्तरेला आहेत का, ते बघा. उत्तरेकडून थेट ऊन फारसं येत नाही, त्यामुळे मॉडेलच्या चेहऱ्यावरची सावली तासन् तास फारशी सरकत नाही. ट्यूबलाइटखाली त्वचेचा रंग शिकणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, आतेभाऊ हे वाचतोय.

आता त्याच्याही बाजूचं एक. मुलीला ॲनिमेशन किंवा गेम डिझाइनच करायचं असेल तर माझं सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि चांगली लॅब बघा. तो आज त्यातच आहे आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो. शिवाय बाहेरगावाहून येणार असाल तर हॉस्टेलचं आधी विचारा, आणि घरून ये-जा असेल तर काम कॉलेजातच ठेवायला जागा मिळते का तेही. सकाळी कल्याणहून येणाऱ्या फास्ट लोकलमध्ये तीन फुटी ओला कॅनव्हास घेऊन कुणी चढू देत नाही.